रिंगा-पिस्टन राहू दे, आधी टाकी बघू

प्रिय बी-२७५ ट्रॅक्टरा,

भांडगावच्या पारावर तुझा निकाल लागून गेलाय. ‘म्हातारा संपला, हेड उघडा.’ सेल्फ मारला की पहिल्या दमात पेटतोस, मिनिट-दोन मिनिटं धडधडतोस, मग आवाज खाली-वर होतो आणि गप्प. थोडा वेळ बसू दिलं की पुन्हा तेच.

मला हा निकाल मान्य नाही. तुझ्यात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा आपसूक पेटावा, एवढंच तुझं तंत्र. रिंगा खरोखर गेल्या असत्या तर तो दाबच बनला नसता आणि पहाटेच्या गारठ्यात तू असा पेटला नसतास. तुझी उपासमार चाललीय. फिल्टरमध्ये नि पंपात साठलेलं डिझेल संपेस्तोवर चालतोस. बंद पडलास की टाकीतून झिरपत पुन्हा तेवढंच साठतं.

घराणं तुझं इंग्लंडचं. इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्रांनी १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि तू मुंबईत घडू लागलास. ना सेन्सर, ना संगणक. दुखणंही तसंच सरळ असणार.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून. त्यातलं बारीक भोक उसाच्या फडातल्या धुळीनं बुजलं की आत हवा शिरत नाही, मग डिझेल उतरेनासं होतं. झाकण सैल ठेवून चालवायचं. नीट चाललास तर फुकटात सुटलो. नाही तर कॉकखालचा पाइप सोडून धार बघायची. आधी जोरात, मग सुतासारखी झाली तर तळाशी गंजाचा चिखल आहे. हायवेवरून कॅनमध्ये आणलेलं डिझेल महिनोन् महिने गोठ्यात पडून असतं. त्यात उतरलेलं पाणी जड, ते तळाला जाऊन पत्रा खातं.

धार ठीक असेल तर संशय तांब्याच्या वायसरांवर. इथंच भलेभले फसतात. फीड पंप डिझेल ओढतो, म्हणून त्याच्या आधीचा सांधा सैल असला तरी चालू इंजिनात तो बाहेर गळतोच असं नाही, उलट हवा आत घेतो. पाइप कोरडा दिसतो आणि सगळे म्हणतात, गळती नाही. डिझेल दबत नाही, बुडबुडा मात्र दबतो. पंपाचा सारा जोर त्याला चेपण्यात जातो आणि नोजल उघडतच नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, फेस जाऊन सलग धार येईपर्यंत हातपंप मारावा लागतो. (एक मात्र पोरांना बजावलंय: चालू इंजिनाच्या नोजलपुढं बोट धरायचं नाही. तो फवारा कातडीत घुसतो.)

पक्की परीक्षा सलाइनची. स्वच्छ डिझेलची बाटली उंच टांगायची आणि तिची नळी थेट पंपाला. त्यावर अर्धा तास चाललास तर खोट टाकी, पाइप, फीड पंप नि फिल्टर यांच्यातच आहे. तरीही बंद पडलास, तर पंप बेंचवर लावायला मी स्वतः घेऊन जाईन.

बाटली आणि नळी आणलीय. वायसर चौफुल्याला मिळाले नाहीत तर दौंडला मिळतील, आणि दोन्ही फिल्टर एकदमच बदलू. मालकानं रिंगा-पिस्टनचा सेट सांगून ठेवलाय. सलाइन लागेपर्यंत पैसे देऊ नकोस, असं त्याला सांगितलंय.

तुझा,
बांधाला बांध असलेला