आत सिम बसतं

आमच्या घरात उचलायला दोन्ही हात लागतील अशा वस्तू आजवर तीनच होत्या : आजीचे जाते, आईचे शिवणयंत्र आणि अण्णांची पान्यांची पेटी. गेल्या श्रावणात चौथी आली. अण्णांनी ती गोणपाटात गुंडाळून खांद्यावर आणली. असल्फ्याच्या टेकडीवरच्या आमच्या घराला शंभरावर पायऱ्या आहेत. त्या ते कुठेही न टेकता चढले असावेत, कारण दारात आल्यावर बराच वेळ त्यांना बोलता येईना. मग गोणपाट सोडून म्हणाले, "कॉम्प्युटर हाय. तुला आणलाय. आत सिम बसतं."

तो लॅपटॉप होता, पण लॅपटॉप म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसला चपटा, नाजूक नव्हे. जाडी विटेइतकी, धरायला बॅगेसारखी मूठ, आणि प्रत्येक भोकावर रबराचे झाकण. एका कोपऱ्याला ग्रीसचा काळा ठसा होता, तो अजूनही गेलेला नाही. अण्णा ज्या गॅरेजात काम करतात तिथे गाड्यांचे दोष तपासायला हे यंत्र वापरीत. मालकाने नवे घेतले. अण्णांचा अडीच महिन्यांचा पगार थकला होता, त्यापोटी जुने त्यांना देऊ केले. "सगळं चालू हाय, आत सिमसुद्धा बसतं," असे मालकाने सांगितले आणि अण्णांनी हिशेब मिटवला.

आई काही बोलली नाही. तिने फक्त किराण्याची वही उघडली आणि मिटली. शेजारचे काका मात्र यंत्र हातात तोलून म्हणाले, "भंगार गळ्यात मारलं की हो तुमच्या." अण्णा हसले. ते हसणे मला आवडले नाही.

सिमचे एवढे काय, असे कुणी विचारील. घरात फोन एक, तो अण्णांबरोबर सकाळी आठला जातो आणि रात्री नऊला येतो. केबलवाला खालच्या गल्लीपर्यंतच वायर देतो. वरच्या ओळीतल्या घरांचे नाव काढले की तो पायऱ्यांकडे बघून मान हलवतो. २०१७-१८ मध्ये आमच्या टेकडीवरची घरे निळी, पिवळी, गुलाबी रंगवली गेली. तेव्हापासून मेट्रोतून जाणारे लोक खिडकीला मोबाइल लावून आमचे फोटो काढतात. टेकडी चित्रासारखी दिसते हे खरे. चित्रातल्या घरांना इंटरनेट लागत नसावे. इकडे कॉलेजात नोट्स येतात त्या पीडीएफ होऊन, प्रकल्प पाठवायचा तो ईमेलने, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तर कागदावर भरायची सोयच उरलेली नाही. कॉलेजच्या संगणक कक्षाला संध्याकाळी कुलूप लागते. स्टेशनजवळच्या सायबरवाल्याकडे दर अर्जामागे पैसे मोजावे लागतात, आणि अर्जाचे संकेतस्थळ मध्येच बंद पडले तरी त्याचे मीटर बंद पडत नाही. तेव्हा अण्णांनी अडीच महिन्यांचा पगार देऊन आणली होती ती 'आत सिम बसतं' ही तीन शब्दांची सोय. ती खरी ठरली तर पगार वसूल, नाहीतर शेजारचे काका बरोबर.

या जातीच्या यंत्रांची थोडी माहिती मी नंतर काढली. पॅनासॉनिकने 'टफबुक' नावाने असे दणकट लॅपटॉप १९९६ मध्ये बाजारात आणले. पुढे इतर कंपन्यांनीही आणले. पोलिसांच्या गाड्या, सर्वेक्षण करणारे, तेलविहिरी, सैन्य, गॅरेज ही त्यांची गिऱ्हाइके. अमेरिकी सैन्याचे ८१० क्रमांकाचे एक मानक आहे. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू चार फुटांवरून, वेगवेगळ्या बाजूंनी आणि कोपऱ्यांवर, सव्वीस वेळा खाली टाकतात. हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "एवढं आपटून घेणारं असतंय तर आपल्याच घरातलं म्हणायचं."

पहिल्या रविवारी आम्ही दोघे त्याच्यापुढे बसलो. यंत्र सुरू झाले, पण सिमचा कुठे मागमूस नाही. मोबाइल नेटवर्कचे चिन्हच पडद्यावर नव्हते. मी गोंधळले, अण्णा गोंधळले नाहीत. ते चौथीपर्यंत शिकलेले, संगणकाला त्यांनी पुसण्यापलीकडे हात लावलेला नव्हता. पण बंद पडलेल्या वस्तूसमोर कसे बसायचे हे त्यांना ठाऊक होते. म्हणाले, "गाडी चालू व्हत न्हाय म्हंजे तीनच गोष्टी. तेल येतंय का, ठिणगी पडतीय का, हवा जातीय का. एकेक बघायची. तिन्हीला एकदम हात घालायचा न्हाय." मग मला विचारले, "ह्याच्यातलं तेल कंचं?"

मी विचार करून सांगितले, की आधी आतले कार्ड जागे आहे का ते पाहू. मग त्याला सिम दिसते का. मग सिमला टॉवर दिसतो का. अण्णांनी मान डोलावली. आमचा पुढचा दीड महिना या तीन प्रश्नांत गेला.

पहिला प्रश्न लवकर सुटला. यंत्र सुरू होताना एक बटण दाबले की निळ्या पडद्यावर त्याची मूळ मांडणी उघडते. विंडोज येते ती त्याच्यानंतर. तिथे वायरलेसच्या सदरात मोबाइल कार्डासमोर 'बंद' असे होते. गॅरेजात त्याची गरज नव्हती, कुणीतरी बंद करून ठेवले असेल. चालू केले, यंत्र पुन्हा उठले, आणि उपकरणांच्या यादीत कार्डाचे नाव उमटले. "तेल आलं," अण्णा म्हणाले.

सिम दिसण्यात अडचण निघाली ती आकाराची. बॅटरी काढली की मागे सिमची खाच आहे, पण ती जुन्या, २५ मिलिमीटर लांबीच्या सिमची. आजचे सिम १२ मिलिमीटरचे, म्हणजे बोटाच्या नखाएवढे. खाली मोबाइलच्या दुकानात प्लास्टिकची चौकट मिळाली. तिला पाठ नसते, त्यामुळे सिम आत घसरून अडकण्याची भीती. अण्णांनी चौकटीच्या मागे पातळ चिकटपट्टी लावली, कडा ब्लेडने इतक्या सफाईने कापल्या की चौकट कारखान्यातून तशीच आली असे वाटावे. सिम आत गेले, 'सिम नाही' हा संदेश गेला, आणि त्या जागी दुसरा आला : 'सेवा उपलब्ध नाही'.

इथे आम्ही अडलो. तेच सिम फोनमध्ये घातले की काड्या पूर्ण. यंत्रात घातले की काही नाही. अण्णांचा तर्क असा, की कार्डाला ऐकू येत नसणार, म्हणून कान बघायचे. लॅपटॉपमधल्या कार्डाचे कान म्हणजे पडद्याच्या कडेने खाली उतरणाऱ्या दोन बारीक वायरी. टोकाला मोहरीपेक्षा थोडी मोठी अशी सोनेरी टोपी असते, ती कार्डावरच्या खुंटीवर दाबून बसवायची. मागचे झाकण उघडले (स्क्रू किती आणि कुठले, हे अण्णांनी पुठ्ठ्यावर यंत्राची आकृती काढून त्यात टोचून ठेवले, माझ्या प्रयोगवहीपेक्षा नीट) तर दोन्ही वायरी सुट्या, काळ्या पट्टीने बाजूला चिकटवलेल्या. इंजिनाचे नट फिरवून जाड झालेल्या त्या बोटांनी अण्णांनी दोन्ही टोप्या बसवल्या. बारीक टक् असा आवाज दोनदा आला. मी श्वास धरून बसले होते.

तरीही सेवा नाही.

त्या रात्री ते जेवताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजात मालकाला विचारणार का, असे आईने विचारले. "काय इचारू? त्यो म्हनला सिम बसतं. सिम बसलं की." यात चूक काढण्यासारखे काही नव्हते.

झाकण उघडे असताना कार्डावरच्या चिठ्ठीवरचा क्रमांक मी उतरून घेतला होता. कॉलेजच्या संगणक कक्षात तो शोधला. परिचारक काकांनी कुलूप लावायच्या वेळेनंतर मला अर्धा तास बसू दिले, त्यांचे आभार इथे मानते. उत्तर मिळाले ते असे. कार्ड उत्तर अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेले. मोबाइलच्या लहरींचे पट्टे ठरलेले असतात आणि त्यांना जगभर क्रमांक आहेत. या कार्डाला ४जीचे २, ४, ५, १३, १७ आणि २५ एवढेच पट्टे ऐकू येतात. आपल्याकडे ४जी प्रामुख्याने चालते ते १, ३, ५, ८, ४० आणि ४१ या पट्ट्यांवर. दोन्ही याद्या वहीत शेजारी शेजारी लिहिल्या. समान आकडा एकच, ५. आमच्या सिमची कंपनी त्या पट्ट्यावर नव्हती. कार्डाला ३जी येत होते, पण आपल्या देशात ३जीची सेवा मोठ्या खासगी कंपन्यांनी एकामागून एक बंद करत आणली आहे. एअरटेलने ती २०२० पर्यंत गुंडाळली, आणि जिओने तर ५ सप्टेंबर २०१६ ला सुरुवात केली तीच थेट ४जीने. थोडक्यात, कार्ड बहिरे नव्हते. त्याच्याशी त्याच्या भाषेत कुणी बोलत नव्हते. गावाहून पहिल्यांदा दादरला उतरलेल्या माणसासारखी त्याची अवस्था, असे मला वाटले. अण्णांना सांगितले तर म्हणाले, "म्हंजे माझ्यासारकं."

पाचवा पट्टा म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ. आपल्या सरकारी लिलावाच्या कागदांत त्यालाच ८०० म्हणतात, हा घोळ उलगडायला मला दोन दिवस लागले. २०२१ मध्ये एअरटेलने मुंबई, दिल्ली आणि आंध्र प्रदेश या तीन मंडळांतल्या आपल्या ८०० च्या काही लहरी जिओला दिल्या. म्हणजे मुंबईत करून पाहायचे ते जिओचे सिम घालूनच. ८५० ची एक लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असते, २३०० ची १३. कमी कंपनसंख्येच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतून आत शिरतात. आमच्यासारख्या एकाला एक चिकटलेल्या घरांना त्याच बऱ्या.

शेजारच्या काकूंकडे ते सिम होते. (काका ते बघत उभे राहिले, हे सांगायला हवे.) कार्डात आणखी एक गंमत निघाली. त्यात अमेरिकेतल्या निरनिराळ्या कंपन्यांसाठी निरनिराळ्या आज्ञावल्या भरलेल्या होत्या आणि ते तिथल्याच एका कंपनीचे म्हणून वागत होते. कुठल्याही कंपनीची नसलेली एक सर्वसाधारण आज्ञावली असते, ती निवडली. प्रवेशबिंदूच्या रकान्यात 'जिओनेट' लिहिले. पडद्याच्या कोपऱ्यात आधी एक काडी आली, मग दोन. यंत्र खिडकीशी नेल्यावर तिसरी. मी कॉलेजचे संकेतस्थळ उघडले. प्राचार्यांचा फोटो वरून खाली, पडदा उतरावा तसा हळूहळू उतरला. काका म्हणाले, "लागलं वाटतं." अण्णा काही बोलले नाहीत. हात पुसायचे फडके घेऊन ते यंत्राचे झाकण पुसत राहिले.

काकूंचे सिम परत करून आपले घ्यायचे ठरले. दुकानात आधार कार्डासाठी अंगठा द्यावा लागतो. अण्णांनी दिला, यंत्राने नाकारला. पुसून दिला, नाकारला. दहाही बोटे झाली. तीस वर्षे पाने, वंगण आणि रॉकेल यांत गेलेल्या बोटांवर रेघा उरलेल्याच नव्हत्या. दुकानदार म्हणाला, गवंडी, भांडी घासणाऱ्या बाया, सगळ्यांचे असेच होते. आई पोळीभाजी केंद्रात रोज दोनशे पोळ्या लाटते. तव्याने तिचा अंगठाही तसाच केला होता. मग मी दिला. पहिल्या खेपेला हिरवा दिवा लागला. घरातली रेशनपत्रिका, वीजबिल, भाडेपट्टा सगळे अण्णांच्या नावावर आहे. माझ्या नावावरची पहिली गोष्ट म्हणजे हे सिम. दुकानातून परत येताना अण्णा अंगठ्याकडे बघत होते, आणि मला माझा अंगठा खिशात घालावासा वाटत होता.

शिष्यवृत्तीचा अर्ज मी घरून भरला. रात्री साडेअकरा ते पावणेएक, कारण तेव्हा संकेतस्थळावर गर्दी नसते. वेग बेताचाच आहे. चित्रफीत अडखळते, नोट्स उतरतात. अडीच महिन्यांचा पगार वसूल झाला की नाही याचा हिशेब आईच्या वहीत कुठे लिहिलेला दिसत नाही.

यंत्र आता संध्याकाळी माझ्या एकटीचे राहिलेले नाही. अलीकडच्या गाड्या दोष सांगतात ते आकड्यांत. गॅरेजातले नवे यंत्र ते आकडे दाखवते आणि मालकाचा भाचा ते वाचतो. अण्णा आकडे सुट्या भागाच्या खोक्यावर उतरून आणतात आणि मला शोधायला लावतात. परवा 'पी ०३०१' आणला. पहिला सिलिंडर मिस करतोय, असे निघाले. "त्यो मी बॉनेट न उघडता सांगितला हुता," ते म्हणाले, "पन आता गिऱ्हाइकाला पडद्यावर दावाय लागतं." मग खोके माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "ह्यी अक्षरं मला शिकीव." सध्या आम्ही रोज अर्धा तास बसतो. पी, बी, सी, यू एवढी झाली आहेत. काल त्यांनी 'पी ०४२०' आणला होता. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा निघाला. तो शब्द म्हणायला मलाच तीनदा लागले. अण्णा म्हणाले, "धुराड्यातला डबा म्हन की," आणि खोक्यावर तसेच लिहून घेतले.