जाणत्या डोळ्यांसमोरची कुस्ती

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण सानपाड्यासारख्या नवी मुंबईतल्या सिडकोच्या वसाहतींत गेलं, त्यांना सर्वांत मोठे पैलवान कोण असं विचारलं तर पहिली नावं येतात ती हल्क होगन, अंडरटेकर आणि ब्रेट हार्ट यांची. केबल नुकती घरोघरी आली होती, तिच्यावर यांच्या कुस्त्या दिसायच्या आणि मधल्या सुट्टीत याच पैलवानांच्या ट्रम्प कार्डांचे डाव रंगायचे. पत्त्यावर फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड, लढतींची संख्या आणि ठळक अक्षरांत क्रमांक. ज्याचा आकडा सरस, त्याला समोरच्याचा पत्ता. हा क्रमांक कुणी ठरवला आणि कुणाला पाडून मिळवला, असं कुणी विचारत नसे. त्याच वेळी शेजारच्या तुर्भ्याच्या बाजार आवारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेले होते आणि त्यांच्या तोंडी निराळीच नावं होती: खंचनाळे, आंदळकर, माने, बिराजदार. एकाच उपनगरात दोन क्रमवाऱ्या नांदत होत्या. वय वाढलं, पत्ते हरवले, पडद्यावरची कुस्ती आधीच ठरवलेली असते हेही कळलं, आणि या दोन क्रमवाऱ्यांतला फरक हळूहळू उलगडत गेला. पैलवान मोठा ठरतो तो त्याची कुस्ती जाणणाऱ्या प्रेक्षकासमोर. म्हणूनच व्यावसायिक कुस्तीचे आपले खरे थोर मल्ल पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकापर्यंत कोल्हापूरच्या तालमींतून आले, असं मी मानतो.

यावर पहिला आक्षेप असा की मातीतली कुस्ती हा खेळ होता, तिला व्यवसाय कसं म्हणायचं? पण व्यवसाय म्हणजे ज्याच्यावर पोट चालतं ते काम. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमी बांधल्या, युरोपात पाहिलेल्या प्राचीन प्रेक्षागृहांच्या धर्तीवर खासबाग मैदान उभारलं. १९१२ साली ते खुलं झालं. चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक आणि मध्ये हौदा, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुणाची पाठ लागली ते दिसतं. संस्थान गेल्यावर राजाश्रयाची जागा जत्रांनी आणि तिकीट काढून येणाऱ्या माणसांनी घेतली. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल सांभाळले. गावकी वर्गणी काढायची, इनाम जाहीर व्हायचं, जाहिरातीवर एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची कुस्ती असं छापलं जायचं. नंबर तिथेही होताच. मात्र आज एक नंबरला लढलेला मल्ल हरत राहिला, तर पुढच्या हंगामात त्याचं नाव जाहिरातीवर खाली सरकायचं. दूध, तूप, बदाम आणि मटण यांचा खुराक त्याच नावावर चालायचा. याहून अधिक व्यावसायिक आणखी काय असू शकतं?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मातीतही सगळं स्वच्छ नव्हतं, नुरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून केलेली लढत, तिथेही व्हायची. व्हायची, यात शंका नाही. जिथे इनाम आहे तिथे संगनमताचा मोह असणारच. पण तिला आवर घालणारं बळ प्रेक्षकांत होतं. कलाजंग हा डाव घ्या. प्रतिस्पर्ध्याचा हात पकडून मल्ल झपकन त्याच्या खाली शिरतो, दुसरा हात मांडीत घालतो, अख्खा माणूस खांद्यावर आडवा घेतो आणि पलीकडे टाकतो. हे सगळं दोन-तीन श्वासांत होतं. ज्याने तरुणपणी तालमीत जोर मारलेत, त्याला लगेच कळतं की वरच्याने डाव ओढून आणला की खालच्याने अंग सैल सोडलं. घिश्शाचंही तसंच. खाली आलेल्याच्या मानेवर गुडघा, लांगेत हात आणि कणाकणाने फिरणारे खांदे. इथे खोटा जोर लावला तर ओळखू येतो. अशी हजारो माणसं भोवती बसलेली असताना खोटी कुस्ती फार काळ पचत नाही. खडाखडी, म्हणजे सुरुवातीची चाचपणी, लांबली तरी हलगीबरोबर मैदानातून आवाज चढू लागतो. हा प्रेक्षक बहुतांशी पुरुषच होता, बायकांना तिथे जागा नव्हती, ही त्या काळाची मोठी उणीव आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

मग पडद्यावरच्या पैलवानांना क्षुल्लक समजायचं का? मुळीच नाही. निकाल आधी ठरलेला असला तरी देह खराच पडतो. १९९८ साली मिक फोली उंच पिंजऱ्यावरून खाली फेकला गेला. १९९९ साली ओवेन हार्टचा तर रिंगणात उतरण्याच्या प्रसंगातच पडून मृत्यू झाला. त्यांचं कसब आणि त्यांनी सोसलेलं दुःख यांना मी कमी लेखत नाही. मात्र त्यांची थोरवी नटाची आहे. ती तशीच मोजली तर त्यांचा मानही राहतो आणि तुलनेतला गोंधळही मिटतो. आपल्याकडे हे दोन्ही एकाच देहात पाहायचं तर दारासिंग यांच्याकडे पाहावं. मातीत वाढलेला हा पंजाबी मल्ल किंगकाँगसारख्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांबरोबरच्या लढतींनी गाजला, १९६८ साली मुंबईत लू थेझला हरवून जगज्जेता म्हणवला गेला. पुढे सिनेमात रमला आणि दूरदर्शनच्या रामायणात हनुमान झाला. आमच्या पिढीने त्यांना आधी हनुमान म्हणून ओळखलं, पैलवान म्हणून नंतर. त्यांचं बळ अस्सल होतं. पण त्या फ्रीस्टाइल सामन्यांना गर्दी करणारी मुंबई डाव पाहायला कमी आणि माणूस पाहायला जास्त जात होती, असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा लाडका: हे सगळे गावचे सिंह, जगाच्या मॅटवर काय दिवे लावले? याचं उत्तर जकार्तात आहे. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवलं, तर गणपत आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही, पायांचा वापर चालत नाही. म्हणजे पट गेला, टांग गेली, कोल्हापुरी कुस्तीची निम्मी पोथीच मिटली. तरीही आंदळकर, पुनवतचा हा गडी, जिंकला. आशिया म्हणजे जग नव्हे, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आंदळकरांना पदक मिळालं नाही, हेही खरं. पण १९५२ साली हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं ते याच मुलखात कुस्तीचे पहिले धडे गिरवून. त्यांच्या प्रवासासाठी त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. मातीतल्या मल्लाच्या मर्यादांबद्दल बोलताना पैशाचा हा हिशेबही धरायला हवा.

आता क्रमवारी. श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी किताबाचे पहिले मानकरी ठरले. एकसंब्याचा हा मल्ल कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडला. आज राज्याच्या सीमेपलीकडे पडलेलं गाव तेव्हाही आणि आताही कोल्हापूरच्या हौद्याशी जोडलेलं आहे. पहिलेपणाचा मान त्यांचाच, पण नुसत्या पहिलेपणावर मी वरचं स्थान देणार नाही. हरिश्चंद्र बिराजदार लातूरकडून आले आणि १९७७ साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. त्या काळच्या सतपालला पाडणं म्हणजे काय हे जुन्या कुस्तीशौकिनाला वेगळं सांगावं लागत नाही. मारुती माने १९६४ चे हिंदकेसरी. देहयष्टी आणि चपळाई यांचा त्यांच्याइतका मेळ क्वचितच जुळला असेल. त्यांना पहिला क्रमांक देणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. तरी माझं मत १९६० च्या हिंदकेसरी गणपत आंदळकरांना. पाकिस्तानातून येणाऱ्या नामांकित मल्लांशी ते भिडले, जकार्तात अनोळखी नियमांखाली जिंकले, आणि अंगातली रग ओसरल्यावर मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून अनेक दशकं उभे राहिले. तिथेच तयार झालेल्या दादू चौगुले यांनी १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. मैदानात जिंकणारे पुष्कळ असतात. आपल्या हाताखालच्या पोराला आपल्याच तोडीचं करायला बसणारा वस्ताद विरळा, म्हणून आंदळकर पहिले.