जपानी माणूस कसा असतो?

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला होता. नेहमीच्या गप्पा झाल्यावर म्हणाला, "मावशी, इथलं एक जुनं सर्वेक्षण वाचत होतो. प्यू नावाच्या संस्थेने २०१५ साली अमेरिकन लोकांना विचारलं होतं, जपानवर तुमचा विश्वास आहे का? शंभरातले अडुसष्ट जण हो म्हणाले. आणि जपानवर अणुबॉम्ब टाकले ते योग्य होतं का, तर त्यालाही छप्पन्न जण हो म्हणाले! आता काय म्हणायचं याला?"

मी तेव्हा हसून विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

खरं तर अमेरिकेचं मत किती वेळा बदललं बघा. पर्ल हार्बरनंतर त्यांनी आपल्याच देशातल्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य तर अमेरिकेचेच नागरिक. १९४५ च्या ऑगस्टमध्ये गॅलपने विचारलं तेव्हा शंभरातल्या पंच्याऐंशींना अणुबॉम्ब मान्य होता. पुढे दोस्ती झाली. मग जपानी मोटारी तिथे धडाधड खपू लागल्या आणि पुन्हा राग उफाळला. १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन नावाच्या तरुणाला त्या रागाच्या भरात मारलं. बिचारा जपानी नव्हताच, चिनी वंशाचा होता! आणि १९८८ साली त्याच अमेरिकेने छावण्यांबद्दल माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले.

हे सगळं आठवताना वाटलं, आपण तरी कुठे वेगळे आहोत? लाखो लोकांचं सोडा, आमच्या एका घरात जपानी माणसाबद्दल दोन टोकाची मतं होती.

माझी मोठी आत्या लग्न होऊन रंगूनला गेली होती. आतोबा तिथे रेल्वेत कारकून. २३ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. आत्या सांगायची, पहिल्यांदा लोक विमानं बघायला रस्त्यावर आले होते, कुणाला पळायचं सुचलंच नाही. आतोबांनी तिला कशीबशी कलकत्त्याच्या बोटीवर चढवली. स्वतः मात्र नोकरीमुळे मागे राहिले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. त्या वर्षी काही लाख हिंदी माणसं ब्रह्मदेशातून निघाली, त्यातली कितीतरी जंगलं आणि डोंगर तुडवत पायी. आतोबाही पायी निघाले, एवढं एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. पुढे काही नाही. आत्या तेविसाव्या वर्षी माहेरी आली ती कायमची. कुंकू तिने कित्येक वर्षं पुसलं नाही, कारण बातमीच आली नव्हती.

आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे अण्णा, नेताजींचे भक्त! १९४३ मध्ये नेताजींनी सिंगापूरला आझाद हिंद सेनेची सूत्रं हाती घेतली, जपान्यांच्या मदतीने इंग्रजांशी लढले, ही कथा अण्णा रंगात येऊन सांगायचे. जपान म्हणजे आशियाची शान. मग स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज यायचा. अण्णा लगेच गप्प. त्या दोघांत या विषयावर उघड बोलणं झालेलं मी कधी ऐकलं नाही.

मी शिक्षिका झाले तेव्हा वर्गात डॉ. कोटणीसांची गोष्ट सांगायचे. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली पाच हिंदी डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारला. वय अवघं बत्तीस. शांतारामबापूंनी त्यांच्यावर १९४६ मध्ये चित्रपट काढला. आणि लगेच पुढच्या आठवड्यात मी हिरोशिमा शिकवायची, तेव्हा मुलांचे डोळे भरून यायचे. एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, मग जपानी चांगले की वाईट?" मी म्हटलं, "युद्ध वाईट." उत्तर बरोबरच होतं, पण शिक्षकी सुटकेचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आपल्या सरकारचं धोरण मात्र मोठ्या मनाचं होतं. १९४९ साली नेहरूंनी टोकियोच्या मुलांसाठी हत्तीण पाठवली, इंदिरा नावाची. ९ जून १९५२ ला भारताने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि युद्धाची नुकसानभरपाई मागितली नाही. पाठ्यपुस्तकात हे शोभून दिसतं. पण माझ्या मनात यायचं, आत्याच्या वाट्याचं माफ करायला तिला कुणी विचारलं होतं का?

१९८४ च्या सुमारास मी पगारातून साठवून एक टेपरेकॉर्डर घेतला. जपानी. आत्याला भजनं ऐकवायची फार हौस होती मला. पण 'मेड इन जपान' अक्षरांचं काय करायचं? मी त्यावर चिकटपट्टी लावली. दोन-तीन वर्षं आत्या रोज संध्याकाळी त्यावर अभंग ऐकायची. एकदा तो पुसता पुसता मला म्हणाली, "ती पट्टी काढ गं आता. इंग्रजी चार अक्षरं मलाही येतात. रंगूनला शिकवली होती यांनी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पुढे एवढंच म्हणाली, "हे बनवणारं पोर तेव्हा जन्मलंही नसेल."

तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही. बॉम्बची आठवण निघाली की शेवटपर्यंत तिचे हात थरथरायचे. पण टेप बनवणारं पोर तिने त्या विमानातून खाली उतरवलं होतं, एवढं खरं.

आता आमच्या भागात जपान पुन्हा आला आहे, बुलेट ट्रेनच्या रूपाने. १४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादला भूमिपूजन झालं. लांबी ५०८ किलोमीटर, आणि जपानचं कर्ज पन्नास वर्षांच्या मुदतीचं, ०.१ टक्का व्याजाचं. आमच्या झाईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात तिथून ती दिसणार नाही, मार्ग आत तलासरी-डहाणूच्या शेतांतून जातो. पालघरच्या अनेक गावांनी ग्रामसभांमधून विरोध केला होता. माझ्या एका जुन्या वारली विद्यार्थ्याच्या भातशेतीचा पट्टाही त्यात गेला. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण भेटायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, पैसा दोन वर्षांत संपतो. जमीन आज्याची होती. त्या जपानी लोकांना ठाऊक असेल का इथे कोण राहत होतं?"

काय सांगणार? गंमत म्हणजे जपानी लोकांना वारली माणूस ठाऊक आहे! आपल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांची चित्रं जपानमधल्या निगाता प्रांतातल्या मिथिला संग्रहालयाने जपली आहेत. जपानी चित्रकार गंजाडच्या शाळेत येऊन भिंती रंगवून गेले. हे मी त्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमचं चित्रातलं शेत त्यांनी ठेवलंय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. आणि राग धरायचा तर कुणावर, हाही प्रश्नच. कर्ज देणारा जपान, मागणारे आपण, मोजणीला येणारे आपलेच लोक. डेट्रॉइटच्या लोकांसारखा राग भलत्याच माणसावर निघायला वेळ लागत नाही.

भाच्याला मी परवा उलट फोन केला. म्हटलं, त्या अडुसष्टांत आणि छप्पन्नांत बरीच माणसं तीच असणार, आणि मला त्याचं आता नवल वाटत नाही. आमच्या आत्याला कुणी ते दोन प्रश्न विचारले असते, तर तिने कुठल्या रकान्यात खूण केली असती, मला अजून सांगता येत नाही.

असो. आज फार लांबलं. टेपरेकॉर्डर बंद पडून जमाना झाला, पण माळ्यावर अजून आहे, पट्टीचा डिंक तसाच. नात्यातल्या मंडळींना एक विनंती. आतोबांचं रंगूनहून आलेलं एक पत्र आत्याच्या ट्रंकेत होतं. तिच्या मागे ते कुणाकडे गेलं? कुणाकडे असेल तर कृपया कळवा. मूळ नको, नुसता फोटो काढून पाठवला तरी चालेल.