कळलं का?

बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. एवढ्या काळात "कळलं का?" हा प्रश्न किती वेळा विचारला, त्याची मोजदाद नाही. वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणायचा आणि मी फळा पुसायचे. निवृत्तीनंतर बाल न्याय मंडळावर नेमणूक झाली, तेव्हा तोच प्रश्न सोबत घेऊन गेले.

मंडळात तिघं असतात. एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य. आमचं कामकाज निरीक्षणगृहाच्याच एका खोलीत चालायचं. उंच व्यासपीठ नाही, टेबलाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला पोरगं आणि त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी आई. कायद्याच्या भाषेत ते पोरगं "विधिसंघर्षग्रस्त बालक". या शब्दावर मीच पहिल्या आठवड्यात दोनदा अडखळले होते.

कबूल करायचं ते आधीच करते. अपंगत्वाचा मुद्दा कुणी काढला की माझं डोकं फिरायचं. डोळे नाहीत, पाय नाहीत, ते मला दिसायचं आणि पटायचं. बाकी सगळं मला मुंबईच्या इंग्रजी शाळांचं फॅड वाटायचं. १९९६ साली राज्यात अध्ययन अक्षमतेच्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती सुरू झाल्या. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष वगैरे. त्यानंतर काही वर्षांनी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील तसला अर्ज घेऊन आले. "अभ्यास करायला सांगा, अर्ज कसले करता," असं म्हणून मी त्यांना दारातूनच परत लावलं होतं. तो मुलगा दहावीला बसलाच नाही. कित्येक वर्षं मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

मंडळावरही तीच मी. खाली मान घालून बसलेला, प्रश्नाला उत्तर न देणारा, मध्येच हसणारा मुलगा दिसला की मनात शेरा तयार: निर्ढावलेला. "केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप दिसत नाही" हे वाक्य मी किती कागदांवर सुचवलं असेल!

मग तो आला. नाव लिहीत नाही, कायदाही लिहू देत नाही. सोळाव्या वर्षातला. गुन्हा मोटारसायकल चोरीचा. थोराड पोरांनी गाडी उचलली, याला तिच्यावर बसवून "इथंच थांब" म्हणून निघून गेले आणि हा पोलीस येईपर्यंत तसाच बसून राहिला. गाडी एका दूधवाल्याची. आठवडाभर त्याच्या रतिबाची घरं तुटली, त्याचं नुकसान खरं होतं. ते मी आजही विसरत नाही.

जामीन झाला. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी परिविक्षा अधिकाऱ्यांकडे हजेरी लावायची, अशी अट. मी ती वाचून दाखवली, "कळलं का?" म्हटलं. तो "हो" म्हणाला. सही करताना एकेक अक्षर चित्र काढावं तसं काढलं, शेवटची वेलांटी उलट्या बाजूला.

पुढच्या तारखेला कागदावर तीन वेळा "गैरहजर". मी तापलेच. सवलत दिली की ही पोरं डोक्यावर बसतात, जामीन रद्द करावा, असं माझं म्हणणं. परिविक्षा अधिकारी बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, एक मिनिट." आणि त्याच्याकडे वळून, "या कागदात काय लिहिलंय, ते तू मला सांग बरं."

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यायचं."

"कधी?"

गप्प.

"आज कोणता वार?"

पुन्हा गप्प. मागून आई म्हणाली, "बाई, त्याला वार कळत न्हाई. बाजार कळतो. म्या गुरुवारी भाजी घिऊन येते, तवा त्यो माझ्यासंगं येतो." त्यावर पोरगं पहिल्यांदाच मान वर करून बोललं, "आलतो की. वॉचमननं लावून दिलं. आज न्हाई म्हनला."

तीन गुरुवार तो फाटकाशी येऊन उभा राहिला होता. आमच्या कागदावर मात्र गैरहजर.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसतज्ज्ञांनी तपासलं, बुद्ध्यांक सीमारेषेवर निघाला. चौथीनंतर शाळा सुटलेली. प्रमाणपत्राच्या हिशोबात तो चाळीस टक्क्यांच्या आतच राहिला, त्यामुळे बहुतेक सवलतींचं दार त्याला बंदच. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, त्यात बौद्धिक अक्षमता आहे, अध्ययन अक्षमता आहे. पण ओळखणारं कुणी समोर बसलेलं असेल तर! समोर मी बसले होते.

त्या दिवसापासून जुने कागद आठवायला लागले. आपलं सगळं कामकाज कानावर चालतं. ऐका, लक्षात ठेवा, कालचं काल आणि परवाचं परवा असं क्रमानं सांगा. ज्याला नेमकं हेच जमत नाही, तो आम्हाला खोटारडा दिसतो, कारण त्याची हकिकत दर वेळी बदलते. साहेबांसमोर "नाही समजलं" म्हणणं तर मोठ्यांना जमत नाही. अशी पोरं आयुष्यभर एकच युक्ती शिकलेली असतात, हो म्हणायचं.

सगळ्यात जड गोष्ट वेगळीच आहे. १६ ते १८ वयाच्या मुलानं निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक, शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज पाहून मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं, आणि त्यावरून खटला मोठ्या माणसासारखा चालायचा का ते ठरतं. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तोवर अशा दोन मूल्यांकनांवर माझी सही होऊन गेली होती. दोन्ही वेळा अर्ध्या तासाच्या गप्पा, आणि शिक्षिकेला पोरं कळतात हा माझा फाजील विश्वास. त्यातला एक तर सारखा हसत होता. तो का हसत होता, हे मी विचारलं नव्हतं.

प्रत्येक गप्प पोराला काहीतरी अक्षमता असतेच, असं आता मी म्हणायला लागलेली नाही. पक्के बनेल भेटतात, माझ्याकडे बघत सराईत खोटं बोलतात. पण बनेल कोण आणि गोंधळलेला कोण, हे चेहऱ्यावरून ओळखता येतं हा दावा मी सोडला. अटी छोट्या वाक्यांत सांगायच्या, एका वेळी एकच. मग त्याच्याकडून त्याच्या शब्दांत परत ऐकायच्या. वेळ जातो. तारखा तुंबल्या की सहकारी घड्याळाकडे बघतात. बघू देत.

त्या मुलाची हजेरी आम्ही गुरुवारवर आणली. नंतर एकही चुकली नाही. चौकशी संपली, समज देऊन त्याला आईच्या ताब्यात सोडलं. मला इतकं बरं वाटलं की उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आता यायचं नाही हं इथं. सुटलास तू. कळलं का?"

"हो," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी वॉचमननं आत येऊन सांगितलं, तो फाटकाशी उभा आहे.