लाइट जाईल हे धरून

पावसाळ्यात पोलादपूरला घाटाकडून वारं सुटलं की दुकानदाराची नजर आधी पंख्याकडे जाते. लाइट जाणार, हे त्याला कळतं. गल्ल्याशेजारच्या कॉम्प्युटरला मात्र ते कळत नाही.

‘सेव्ह’ दाबलं, पडद्यावर ‘झालं’ आलं, तरी हिशेब बऱ्याचदा रॅममध्येच, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीतच असतो. लिनक्स तो सहसा तीसेक सेकंद तिथे ठेवून घेतं आणि मग फुरसतीने डिस्कवर उतरवतं. यात लबाडी नाही. डिस्क रॅमपेक्षा कैक पटींनी संथ. शब्दागणिक तिची वाट पाहत बसलं तर गिऱ्हाईक उठून जाईल. ज्याला खात्रीच हवी, त्या प्रोग्रॅमसाठी ‘एफसिंक’ ही आज्ञा आहे: मजकूर डिस्कवर पोचेपर्यंत थांब.

महाडच्या बाजारपेठेतला मुनीम जसा आधी रोजकीर्द लिहून मग सवडीने खतावणी करी, तसं लिनक्सच्या एक्स्ट३ आणि एक्स्ट४ या फाइलसिस्टीम बदलाची नोंद आधी जर्नलमध्ये करतात. पण जर्नलमध्ये सहसा फाइलची माहितीच जाते, मजकूर नाही. मजकूरही घालता येतो. मग तो दोनदा लिहावा लागतो आणि वेग पडतो.

२००९ मध्ये एक्स्ट४ वापरणाऱ्यांना मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य लांबीच्या फाइली सापडू लागल्या. वेगासाठी एक्स्ट४ मजकुराला डिस्कवर जागा देणं लांबणीवर टाकत होतं. एक्स्ट४चे प्रमुख शिल्पकार थिओडोर त्सो यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅमवाल्यांनी एफसिंक करायला हवं होतं. नियमाने ते बरोबरच होतं. तरीही त्यांनी नेहमीच्या प्रसंगांपुरती फाइलसिस्टीम सुधारली, आणि मला त्यांच्या युक्तिवादापेक्षा ही दुरुस्ती जास्त पटते. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनेही पेनड्राइव्हसाठी वेगाऐवजी चटकन काढता येण्याची सोय हीच मूळ सेटिंग केली. माणसं पेनड्राइव्ह उपटणारच! (आमच्याकडे तर वीजच त्यांच्या आधी उपटते.)

लग्नाचे फोटो कॉपी करताना वेग घ्या, मूळ प्रत कॅमेऱ्यात असते. उधारीची वही दुसरीकडे कुठेच नसते. तिथे दोन सेकंद थांबलेलं परवडतं.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा बुडालेल्या मशीनवर एफसिंक झालं होतं की नाही, या प्रश्नाला अर्थच उरला नाही. म्हणून हिशेबाची एक प्रत पुण्याच्या किंवा मुंबईच्या नातलगाकडे ठेवा, आणि ती जूनच्या आधी पाठवा.