अलहम्राचा फोटो, मगरिबच्या आधी आणि नंतर

स्पेनमधील ग्रॅनाडा शहरात पहिल्याच दिवशी आम्ही घड्याळ पाहून फसलो. एप्रिलचा मध्य होता. आपल्याकडे साडेसहा-सातला दिवस मावळतो, त्याच हिशेबाने सहा वाजताच सान निकोलासच्या चौकात जाऊन बसलो. सूर्य अजून चांगलाच वर. तिथे त्या दिवसांत सूर्यास्त होतो पावणेनऊच्या सुमारास. जूनअखेर साडेनऊ उलटून जातात आणि डिसेंबरमध्ये मात्र सहालाच दिवस संपतो. अम्मींचे गुडघे दगडी कठड्यावर बसून आखडले, धाकटीने आइस्क्रीमसाठी रड काढली आणि थोरल्याने कंटाळून वाटेल तसे फोटो काढत फोनची बॅटरी संपवली. ज्यासाठी आलो तो प्रकाश आला तेव्हा आमच्याकडे पाहायला डोळे तेवढे होते. तर जाणाऱ्यांनी पहिली गोष्ट ही करावी: त्या दिवसाची मगरिबची वेळ आधी पाहून ठेवावी.

हा चौक अल्बायसिन या जुन्या वस्तीच्या टेकडीवर आहे. मध्ये दारो नदीची खोल दरी, पलीकडच्या टेकडीवर अलहम्रा आणि त्याच्या मागे सिएरा नेवाडाचे डोंगर. एप्रिलमध्ये त्यांच्यावर बर्फ असतो, भर उन्हाळ्यात ही पांढरी पार्श्वभूमी मिळत नाही. सकाळी सूर्य महालाच्या बाजूला असतो, त्यामुळे इथून किल्ल्याची नुसती काळी आकृती येते. फोटो मिळतो तो सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात. अल-हम्रा म्हणजे लाल, हे नाव का पडले असावे ते तेव्हा पटते.

सकाळ खाली नदीकाठी घालवावी. कारेरा देल दारो हा नदीलगतचा दगडी रस्ता उजाडताना रिकामा असतो. नऊनंतर तिथे माणसांच्या पाठीच येतील. याच रस्त्यावर अकराव्या शतकातला मुसलमानांचा जुना हम्माम आहे. त्याच्या छतात ताऱ्यांच्या आकाराची छिद्रे आहेत. तिथे मात्र दुपारी, ऊन वर असताना जावे. प्रकाशाचे पट्टे सरळ फरशीवर उतरतात.

महालाचे तिकीट अनेक आठवडे आधी काढावे लागते. नासिरी राजवाड्यांची वेळ त्यावर छापलेली असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत. आम्ही सकाळी साडेआठची पहिली वेळ घेतली होती आणि तो निर्णय बरोबर ठरला. आत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडही नाही. एकदा आत गेल्यावर बाहेर काढत नाहीत, म्हणून आपल्या गटाला पुढे जाऊ द्यावे. मेंदीच्या अंगणात हौदाच्या दक्षिण टोकाला उभे राहून उत्तरेकडे पाहिले की कोमारेसचा बुरूज पाण्यात उलटा दिसतो. फोन पाण्याच्या जवळ, खाली धरावा. सिंहांच्या अंगणात 124 संगमरवरी खांब आहेत, सगळे एका चौकटीत घेण्याचा हट्ट सोडावा. चार खांब आणि त्यांच्या सावल्या पुरेशा होतात.

अम्मींना यातले काही नको होते. त्या भिंतीपाशी थांबल्या, चष्मा वर सरकवला आणि बोट हवेत फिरवत वाचू लागल्या: ‘व ला गालिब इल्लल्लाह’. अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही. नासिरी सुलतानांचे हे ब्रीद भिंतींवर, कमानींवर पुन्हा पुन्हा कोरलेले आहे. ज्या सुलतानाच्या हातून 2 जानेवारी 1492 रोजी शहर गेले, तोही याच भिंतींमध्ये राहत होता. अम्मी एका दालनातून दुसऱ्या दालनात तेवढेच शोधत गेल्या. थोरला मागून हाका मारत होता, “दादी, फ्रेममधून बाजूला व्हा ना!”

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही आठ वाजता चौकात पोहोचलो, फोन पूर्ण चार्ज करून. चौकाला लागूनच ग्रॅनाडाची मोठी मशीद आहे. 2003 मध्ये ती उघडली, म्हणजे शहर गेल्यानंतर पाच शतकांनी. तिच्या बागेतूनही समोर अलहम्रा दिसतो आणि चौकातल्या गिटारवाल्यांची गर्दी तिथे नसते. बाग पाहुण्यांसाठी ठरावीक वेळी खुली असते. नमाज पढणाऱ्यांवर कॅमेरा रोखू नये हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

अडचण अशी की मगरिबची जमाअत आणि सूर्यास्त एकाच वेळी. थोरला म्हणाला, “हजारो मैल आलोय, पाच-दहा मिनिटांनी पढतो.” खरे सांगायचे तर आमच्यातही दोन मते होती. अम्मी काही बोलल्या नाहीत, वुजू करायला निघून गेल्या. आम्ही त्यांच्या मागे गेलो. थोरला कठड्यापाशीच राहिला.

परत आलो तेव्हा त्याचा चेहरा पडलेला. लाल भिंतींचे चांगले फोटो त्याने सूर्यास्तापूर्वीच घेतले होते. सूर्य बुडाला तशी भिंतींवरची लाली विझली आणि पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत सगळे राखाडी झाले. आम्ही नमाजीत होतो ती नेमकी हीच वेळ. मग समोर दिवे लागले, आकाश गडद निळे झाले आणि किल्ला सोन्यासारखा उजळला. ही निळी वेळ वीस-पंचवीस मिनिटे टिकते. फोन कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो काढावा म्हणजे हलत नाही. दोरी मात्र मनगटात अडकवावी, खाली उतार आहे. फोटो काढून झाल्यावर थोरला कोणी न सांगता मशिदीकडे गेला. फोन धाकटीच्या हातात देऊन.

घरी आल्यावर अम्मींनी एकच फोटो छापून मागितला, त्या ब्रीदाचा. तीनशेहून अधिक फोटोंत अक्षरे नीट वाचता येतील असा एकच निघाला. त्यात कोपऱ्यात अम्मींचे बोट आले आहे.