घोरपडीचं घर आणि घोरपडीची ऊब

आमच्या मानोऱ्याकडच्या घरांत जनावरं काही नवी नाहीत. अंगणात कोंबड्या, दाराशी दोन शेळ्या, चुलीजवळ मांजर, असं आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आता मात्र मोबाइलमुळे मुलांच्या डोक्यात नवीन शौक शिरलेत. आमच्या घरात मागच्या वर्षी शिरला तो घोरपड पाळण्याचा.

त्याला निमित्त झाला आमचा भाचा. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिथे कायद्याने परवानगी असलेली एक आफ्रिकन घोरपड त्याने पाळली आहे. व्हिडिओ कॉलवर त्याने ती दाखवली आणि आमच्या घरातली सगळी पोरं मोबाइलवर तुटून पडली. धाकटा म्हणाला, "दादी, आपल्या वावरात तर फुकट मिळते. आपणही पाळू ना!"

त्याच्या दादीने लगेच नाही म्हटलं नाही. म्हणाली, "आधी विचार त्याला, तिला ठेवतो कशी ते." मग आम्ही सगळ्यांनीच बसून विचारलं.

भाच्याने सांगितलं ते ऐकून आम्ही थक्क झालो. घोरपड वाढून तीन-साडेतीन फुटांची होते, म्हणून तिच्यासाठी आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच लाकडी खोलीच केलेली. तळाशी दोन फूट माती, कारण बीळ खणल्याशिवाय तिला चैन पडत नाही. एका टोकाला वर मोठे दिवे. त्यांच्याखालचा दगड पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो. दुसरं टोक पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर थंड. शिवाय उन्हातले अतिनील किरण देणारी वेगळी नळी. ती जळत राहिली तरी तिचा जोर कमी होतो, म्हणून वेळोवेळी बदलावी लागते. दिव्यांना जाळी, नाही तर ती अंगाला चिकटून भाजते. आणि सगळ्यावर लक्ष ठेवायला थर्मोस्टॅट.

"एवढी गरमी कशाला?" आम्ही विचारलं.

त्याचं उत्तर साधं होतं. आपण जेवलो की आपलं शरीर आतून ऊब तयार करतं. घोरपडीचं तसं नाही. तिची ऊब बाहेरून येते. सकाळी तापलेल्या दगडावर पडून ती अंग गरम करते, मग शिकारीला निघते, फार तापली की सावलीत किंवा बिळात जाते. दिवसभर ती स्वतःच ठरवते की आत्ता किती ऊन हवं. पिंजऱ्यात नुसता उकाडा देऊन भागत नाही. गरम जागेपासून थंड जागेपर्यंत चालत जाण्याइतकं अंतर द्यावं लागतं. ऊब कमी पडली तर खाल्लेलं पचत नाही. अतिनील किरण आणि चुना कमी पडला तर हाडं मऊ होतात. थंड टोक नसेल तर ती उष्म्याने मरते. एवढं सगळं करूनही, भाचा म्हणाला, हौसेने आणलेल्या कितीतरी घोरपडी लोकांच्या घरात लवकर मरतात.

आमच्या पोरांचा बेत काय होता? प्लास्टिकचा टब, वर शंभरचा बल्ब आणि खाली पोतं. आम्ही त्यांनाच हिशेब करायला लावला. डिसेंबरच्या रात्री लाइट गेली तर? मे महिन्यात टिनाच्या खोलीत आपल्यालाच बसवत नाही, तिथे टबातल्या जिवाने थंड टोक कुठे शोधायचं? आणि आपल्याकडची घोरपड तर त्या आफ्रिकन घोरपडीपेक्षाही मोठी, पाच फुटांच्या वर जाते. धाकट्याने टबाकडे पाहिलं आणि गप्प बसला.

कायद्याची बाजू तर आणखी कडक आहे. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत आणि चारही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच घोरपडीला. तिला पकडणं, घरात ठेवणं, मारणं, खाणं, विकणं, सगळं गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. परदेशी जात आणावी म्हटलं तरी २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंद करावी लागते. "वावरात सापडली म्हणून घरी आणली" हे उत्तर चालत नाही.

मग आम्ही मुलांना घोरपडीचं खरं घर दाखवायला वावरात नेलं. धुऱ्यावरचं जुनं वारूळ, शेजारी काळा दगड, बोरीची झुडपं. सकाळी आठ-नऊच्या उन्हात दगड तापतो. झुडपाखाली सावली असते. बिळात दुपारीही गारवा राहतो. भाच्याने एवढा खर्च करून केलेली खोली इथे धुऱ्यावर आधीच तयार आहे. मादी बरेचदा वारूळ खणून त्यात वीस-पंचवीस अंडी घालते आणि माती लोटून निघून जाते. आत वाळवीच्या राबत्या घरात ऊब जवळजवळ सारखी राहते, म्हणून कित्येक महिने अंडी सुरक्षित राहतात. ना थर्मोस्टॅट, ना लाइट बिल.

ती खाते काय? भुंगे, हुमणीच्या अळ्या, गोगलगाई, उंदीर, मेलेलं जनावर. सोयाबीन आणि तुरीच्या वावरात असा राखणदार फुकट मिळतो. हो, कोंबडीची अंडीही खाते. त्याला उपाय म्हणजे संध्याकाळी खुराड्याला चांगली कडी लावणं, काठी नाही.

काठी उचलली जाते ती भीतीपोटी. घोरपड चावली की माणूस मरतो, असं सांगतात. ते खरं नाही. दात तीक्ष्ण असतात, जखम होते, डॉक्टरांना दाखवावी, एवढंच. तिच्या तेलाने कंबर बरी होते, हेही खरं नाही. 'हत्था जोडी' नावाने जी मुळी बरकतीसाठी विकली जाते, ती मुळी नसून नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. २०१७ मध्ये हे उघडकीस आलं. आपल्या घरांत अशी वस्तू कुणी आणत असेल तर त्याला सांगायला हवं. बरकत अल्लाहकडून येते, मारलेल्या जिवाच्या तुकड्यातून नाही.

पाळण्याबद्दल दीन काय शिकवतो, हेही मुलांनी विचारलं. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला त्यावरून कधी रागावलं नाही. पक्षी मेल्यावर उलट मायेने विचारपूस केली. म्हणजे जीव सांभाळण्याला मनाई नाही. पण त्याच शिकवणीत त्या बाईचीही हकिकत आहे, जिने मांजर कोंडलं, खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन खाऊही दिलं नाही. ती त्या पापाला पात्र ठरली. दोन्ही हकिकती एकत्र ठेवल्या की प्रश्न सुटतो. ज्याची गरज भागवता येते, तो जीव अमानत म्हणून सांभाळावा. ज्याची गरज आपल्या छपराखाली भागतच नाही, त्याला मोकळं ठेवणं हाच सांभाळ.

ऑगस्टमध्ये याची परीक्षा झाली. वावरातल्या रिकाम्या सिमेंटच्या टाक्यात घोरपडीचं हातभर पिल्लू पडलं होतं. गुळगुळीत भिंतीमुळे त्याला वर येता येईना. धाकटा आधी पोहोचला होता आणि त्याच्या हातात पोतं होतं. आमच्या पोटात गोळा आला. पण त्याने ते पोतं खाली ठेवलं, बोरीची लांब फांदी ओढत आणली आणि टाक्यात तिरपी टेकवली. आम्ही सगळे लांब जाऊन बसलो. पाऊण तासाने पिल्लू फांदीवरून वर आलं, जीभ काढून हवा चाखली आणि धुऱ्याकडे निघून गेलं. घरी येऊन दादीने त्याला जवळ घेतलं. त्या रात्री घरात ईदसारखा आनंद होता.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. घोरपड घरात शिरली, जखमी दिसली किंवा कुणी विकताना आढळलं तर स्वतः हात घालू नका. वनविभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर फोन करा. सोंगणीनंतर धुरे पेटवू नका, आत अंडी आणि पिल्लं असू शकतात. जुनं वारूळ ट्रॅक्टरने सपाट करण्याआधी एकदा विचार करा. आणि रिकाम्या टाक्यात एक फांदी टेकवून ठेवा. आमच्या टाक्यात ती अजूनही आहे.